पहिला मेटल डिटेक्टर : एसेक्सच्या शेतांमधील दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये, गव्हाची कापणी आटोपून शेतांत नुसती धसकटे उरली होती तेव्हा, मी नोक्ता सिम्प्लेक्स प्लस हा माझा पहिला मेटल डिटेक्टर घेतला. त्यानंतरचे दहा महिने पूर्व इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात दोन शेतांवर आणि, ऑक्टोबरमध्ये पेरणी होऊन शेते बंद झाल्यावर, एका कुरणावर तो जवळजवळ प्रत्येक रविवारी वापरला. जमिनीत दडलेल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधण्याच्या या छंदाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांनी "कोणता घ्यावा?" असे विचारले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

निवड करताना माझ्यासमोर तीन यंत्रे होती. गॅरेट एस ३००आय हे ८ किलोहर्ट्झवर चालणारे आणि साध्या पेन्सिल सेलवर भागणारे यंत्र आहे. त्याची कॉइल, म्हणजे जमिनीलगत फिरवायची तारेच्या वेटोळ्यांची तबकडी, पाण्यात चालते, मात्र वरची पेटी पावसापासून जपावी लागते. मायनलॅब व्हँक्विश ३४० एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करते आणि वजनाला हलके आहे, पण वस्तूची नेमकी जागा दाखवणारी पिनपॉइंटची सोय त्यात नाही. ती ४४० पासून मिळते. सिम्प्लेक्स प्लस हे तुर्कस्तानात बनलेले, २०१९ मध्ये बाजारात आलेले, १२ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र. ते ३ मीटर खोल पाण्यातही चालते, बॅटरी आतच असून चार्ज करता येते आणि सोबत २८ सेंटिमीटरची डीडी (डी-आकाराच्या दोन वेटोळ्यांची) कॉइल येते. २०२३ मध्ये या मालिकेत नवी मॉडेल्स आली, त्यामुळे जुनी वापरलेली यंत्रे स्वस्तात मिळू लागली. मला माझे एका छंदिष्टाकडून १५० पौंडांत मिळाले. एसेक्सची चिकणमाती आणि इथला पाऊस ध्यानात घेता, पाण्याची भीती नसलेले यंत्र घेण्याचा निर्णय योग्य होता असे आजही वाटते. भर पावसात, चिखलाने माखलेली कॉइल ओहोळात धुऊन घेऊन मी पुढे चालत राहिले आहे.

खरेदीपूर्वी मी सर्वांत जास्त चौकशी खोलीची केली होती, आणि तीच सर्वांत निरुपयोगी ठरली. नाण्याएवढी वस्तू अशा यंत्राला २०-२५ सेंटिमीटरपर्यंत जाणवू शकते. पण मला मिळालेल्या वस्तूंपैकी बहुतेक वीतभर मातीतच होत्या, कारण नांगर त्यांना सतत वर-खाली करत असतो. नवशिक्याच्या हातून वस्तू सुटतात त्या खोल असतात म्हणून नव्हे, तर यंत्राने दिलेला आवाज त्याला कळत नाही म्हणून. पहिले यंत्र कान तयार करण्यासाठी घ्यावे असे मला वाटते, आणि म्हणून त्याचे आवाज स्पष्ट आणि सेटिंग्ज मोजक्या असाव्यात.

हे नीट समजण्यासाठी यंत्र काय करते ते ठाऊक असावे. कॉइलमधील एक वेटोळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती मागे पडतो त्यावरून यंत्र ० ते ९९ मधला एक आकडा पडद्यावर दाखवते. हा आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि जाडी या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात ते यामुळेच. कड्या टाळण्यासाठी ते आकडे वगळले, तर अंगठीही वगळली जाते. पहिल्या दोन महिन्यांत मी नेमके हेच करत होते. लोखंडाचे आकडेही पूर्ण बंद ठेवल्यामुळे शेत मला रिकामे वाटत असे. नंतर एका अनुभवी गृहस्थांच्या सांगण्यावरून लोखंडाचा आवाज बंद न करता फक्त हळू केला (या यंत्रात ती सोय आहे) आणि त्याच बांधालगत गंजलेल्या खिळ्यांच्या कुरकुरीतून एक बारीक, गोल, स्वच्छ सूर ऐकू आला. तो जॉर्जियन काळातील, म्हणजे साधारण अठराव्या शतकातील, एका कोटाच्या बटणाचा होता. त्या दिवसापासून मी आकड्याकडे नंतर पाहते आणि आधी ऐकते. सिग्नल मिळाला की काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवते. नाणे दोन्ही दिशांनी तेच बोलते, वाकडा खिळा मात्र एका दिशेने तुटक आवाज देतो किंवा गप्प होतो. तरीही फसवणूक होतेच. लोखंडाचा मोठा चपटा पत्रा वरचा आकडा दाखवतो, जुन्या वाफेच्या नांगरांच्या काळातील दगडी कोळशाचा जळका कोक छान सूर देतो, आणि बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडे तर मी मूठ-मूठभर जमवली आहेत.

ग्राउंड बॅलन्ससाठी, म्हणजे जमिनीतील खनिजांकडे यंत्राने दुर्लक्ष करावे म्हणून, बटण दाबून कॉइल जमिनीवर वर-खाली करायची असते. दर वेळी जागा बदलली की मी ते करते आणि अर्ध्या मिनिटात उरकते. विजेच्या तारांखाली यंत्र बडबड करते. संवेदनशीलता कमी केली की ते शांत होते. ओल्या खाऱ्या वाळूत एकाच वारंवारतेची यंत्रे सहसा चाचपडतात, कारण खारे पाणी स्वतःच विद्युतवाहक असते. समुद्रकिनारा हेच ज्यांचे मुख्य ठिकाण असेल त्यांनी अनेक वारंवारतांचे यंत्र घ्यावे. कोरड्या वाळूत माझी काही अडचण झाली नाही. वजन १.३ किलो आहे आणि तीन तासांनंतर ते खांद्याला जाणवते.

उरलेल्या पैशांतून मी हातात धरायचा पिनपॉइंटर घेतला. मुख्य यंत्र महागडे घेण्यापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडला. चिकणमातीचे ढेकूळ बाहेर काढल्यावर वस्तू खड्ड्यात आहे की ढेकळात, हे त्याच्याशिवाय पाच-पाच मिनिटे कळत नाही. शिवाय खड्डा लहान राहतो, आणि कुरणाच्या मालकाला तेच हवे असते.

आता परवानगीविषयी, कारण यंत्रापेक्षा ती मिळवायला मला जास्त वेळ लागला. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या संमतीशिवाय शोध घेता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर विशेष परवान्याविना डिटेक्टर वापरणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मी अकरा शेतकऱ्यांना पत्रे लिहिली, तिघांनी होकार दिला. प्रत्येकाशी वस्तूंच्या वाटणीचा लेखी करार केला, आणि नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्यत्व घेतले, कारण त्यासोबत दायित्वाचा (आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईचा) विमा मिळतो. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार निधी (म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मौल्यवान पुरातन ठेवा) ठरू शकणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा निधींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते. एकटेच सापडलेले नाणे बहुधा त्या व्याख्येत येत नाही, पण ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे नोंदवता येते, आणि ते नोंदवावेच असे माझे कळकळीचे म्हणणे आहे. नोव्हेंबरमध्ये मला पहिल्या एलिझाबेथचे, सहा पेनी किमतीचे एक झिजलेले चांदीचे नाणे सापडले. राणीच्या मस्तकामागे गुलाब आणि मागच्या बाजूला १५७३ हे साल. मी जागेचा दहा आकडी नकाशा-संदर्भ टिपून ठेवला होता, म्हणजे ते नाणे एका मीटरच्या चौकटीत बसवता आले. नोंदणी अधिकाऱ्यांनी सर्वप्रथम विचारले ते तेच. १९९२ मध्ये शेजारच्या सफोक परगण्यातील हॉक्सन गावी हरवलेला हातोडा शोधताना रोमन निधी सापडला, तेव्हा शोधणाऱ्याने सगळे उपसून न काढता कळवले, आणि म्हणून पुरातत्त्वज्ञांना त्यातला मोठा भाग जागच्या जागी अभ्यासता आला. मातीतील वस्तूची अर्धी माहिती तिच्या जागेत असते, आणि ती जागा आपण एकदाच मोडू शकतो.

साताऱ्याच्या माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मावशी, सुट्टीत येताना ते यंत्र घेऊन येशील का? गडावर जाऊ." मी त्याला स्पष्ट नाही म्हटले. आपल्याकडे संरक्षित किल्ल्यांवर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा कायदा लागू असतो, परवान्याशिवाय तिथे उकरता येत नाही. आणि १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तरी तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये छंदिष्टाने आणलेली वस्तू नोंदवून घेणारी यंत्रणा परगण्या-परगण्यांत आहे. तशी व्यवस्था नसताना गडावर उकरलेला प्रत्येक खड्डा म्हणजे पुसलेला पुरावा होय. त्याऐवजी मी त्याला १७९७ च्या जाड तांब्याच्या पेनीचा फोटो पाठवला. ती बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेली आहे, आणि याच टांकसाळीने ईस्ट इंडिया कंपनीसाठीही तांब्याची नाणी पाडली होती. आता तो साताऱ्याच्या बाजारात जुनी नाणी पाहत फिरतो आणि मला फोटो पाठवतो.

दहा महिन्यांत यंत्राने काही त्रास दिला नाही; बिघडले ते वेगळे घेतलेले स्वस्त हेडफोन. आता कापणीची वाट पाहते आहे. दुसरा डिटेक्टर घेण्याचा विचार नाही, पण एक लहान कॉइल मात्र घेणार आहे. जुन्या धान्यकोठाराच्या मागे खिळ्यांचा इतका खच आहे की २८ सेंटिमीटरच्या कॉइलखाली एका वेळी तीन-चार खिळे येतात आणि त्यांच्यामधले काही ऐकू येत नाही. ते बटण तिथूनच वीस पावलांवर सापडले होते.