जर्मन विद्यापीठातील संशोधक स्वागत केंद्र : दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

पुण्यात मृदू पदार्थांच्या (जेल, फेस यांसारख्या) भौतिकशास्त्रात पीएचडी केल्यानंतर मी जर्मनीतील एका विद्यापीठात, झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधक, म्हणून रुजू झाले. देश आणि विषय दोन्ही एकाच वेळी बदलले. परदेशी संशोधकांसाठी हे विद्यापीठ स्वागत केंद्र चालवते. त्याच्या सेवेला शुल्क नाही आणि नेमणुकीचे पत्र मिळताच, व्हिसाच्या आधीपासूनच, मदत सुरू होते.

कागदपत्रांच्या बाबतीत हे केंद्र उत्तम आहे. जर्मनीत एका कागदावाचून दुसरा मिळत नाही : घरात राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिच्यासाठी आपण तेथे राहायला आल्याचे घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, नोंदीनंतरच करक्रमांक टपालाने येतो, आणि तो नसेल तर पगारातून सहाव्या, म्हणजे सर्वांत जड, वर्गाने कर कापला जाऊ शकतो. हा क्रम त्यांनी मला पुण्यात असतानाच समजावून सांगितला आणि असे प्रमाणपत्र न देणाऱ्या मालकाची खोली घेऊ नका, असे स्पष्ट कळवले. त्याहून मोलाचा सल्ला शिष्यवृत्ती घ्यावी की नोकरीचा करार, याविषयीचा होता. हातात पडणारी रक्कम जवळपास सारखीच दिसत होती. परंतु शिष्यवृत्तीवर निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विम्याची वर्गणी जमा होत नाही, करारावर होते, आणि ३० महिन्यांत किमान १२ महिने ती भरलेली असल्यास नोकरी संपल्यावर भत्त्याचा हक्क निर्माण होतो. मुदतीच्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, हे मला त्यांच्यामुळे वेळेवर कळले. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

विषय बदलण्याचा प्रश्न मात्र आपल्या कक्षेत येत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. माझे पहिले वर्ष पिपेट धरण्यापासून मासे सांभाळण्यापर्यंत सारे नव्याने शिकण्यात गेले आणि त्या काळात एकही शोधनिबंध झाला नाही. नियमांचे घड्याळ मात्र विषय बदलला म्हणून थांबत नाही. जर्मनीच्या २००७ च्या कायद्याने पीएचडीनंतरच्या मुदतीच्या विद्यापीठीय नोकऱ्यांना साधारणपणे ६ वर्षांची मर्यादा आहे, युरोपीय संघाच्या मेरी क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्तीसाठी पीएचडीनंतरचा संशोधनानुभव ८ वर्षांपर्यंतचाच चालतो, आणि अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांना त्या देशासाठी सहसा अर्जच करता येत नाही. हा शेवटचा नियम मला तेराव्या महिन्यात, तोही लॅबमधील एका सहकाऱ्याकडून कळला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित अशा क्षेत्रांतून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम या संशोधनाला निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची स्वतंत्र आंतरविद्याशाखीय शिष्यवृत्ती आहे, तिचाही उल्लेख केंद्राने कधी केला नाही. आगमनाची तारीख त्यांच्याकडे असतेच. तीवरून संशोधकाला या मुदती कळवणे अवघड नाही, असे मी त्यांना लेखी सुचवले आहे.

तेथील दोन्ही महिला कर्मचारी अत्यंत आपुलकीने वागतात आणि ईमेलला बहुधा दुसऱ्याच दिवशी उत्तर देतात. नव्याने जाणाऱ्यांनी घर आणि करार यांविषयी त्यांच्यावर निःशंक विसंबावे. शिष्यवृत्त्यांच्या अटी मात्र विमानात बसण्यापूर्वीच मूळ नियमावलीत वाचाव्यात आणि आपला बारावा महिना कोणत्या तारखेला भरतो, ते लिहून ठेवावे.