सीको ५ स्पोर्ट्स: अकरा महिने, एक पावसाळा आणि उघडी राहिलेली चावी

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून स्वतःसाठी ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने स्प्रिंग भरणारं, घड्याळ घेतलं. मॉडेल एसआरपीडी५५, काळी तबकडी, स्टीलचा पट्टा. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीवरचं काढून हातात बांधलंस का गं?" घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, ४२.५ मिमीची आहे खरी, पण वरच्या लगपासून (पट्टा अडकवायचं टोक) खालच्या लगपर्यंत ४६ मिमीच भरते, त्यामुळे माझ्या बारीक मनगटावरही नीट बसते.

वेळेचं आधी उरकते. माझं घड्याळ रोज साधारण ९ सेकंद पुढे जातं. या ४आर३६ मशीनला कंपनीच दिवसाला अधिक ४५ ते उणे ३५ सेकंदांची मुभा देते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद सापडतं, कारण पूर्ण भरलेली स्प्रिंग ४१ तास पुरते. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झची सवय असेल तर हे जाचेल. मला सोमवारची चावी देणं आवडायला लागलंय.

आता पाणी. मागे १०० मीटर लिहिलंय, आणि मी ते वाचून निर्धास्त होते.

१ जुलैला सकाळी ७:१२ ची लोकल गाठायची होती. जूनचे दिवस ३०, त्यामुळे घड्याळात ३१ तारीख. (रात्री ९ नंतर पहाटेपर्यंत तारखेला हात लावायचा नाही, आतली चाकं तेव्हा तारीख बदलायच्या तयारीत असतात. म्हणून हे काम सकाळचंच.) चावी, म्हणजे बाजूची गुंडी, एक घर बाहेर ओढली, १ तारीख आणली आणि डबा उचलून पळाले. चावी दाबायची राहिली. गंमत अशी, की चावी दुसऱ्या घरापर्यंत ओढली तरच सेकंदकाटा थांबतो. पहिल्या घरात घड्याळ आपलं मजेत चालू राहतं, आणि काही चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही.

डोंबिवली स्टेशनपर्यंत छत्री उलटी करणारा पाऊस. ऑफिसच्या एसीत बसल्यावर अर्ध्या तासाने पाहिलं तर काचेच्या आतून चारच्या आकड्यापाशी धुकं. या घड्याळाची चावी तिथेच असते.

कोणी तांदळाच्या डब्यात ठेव म्हणालं. ठेवलं नाही ते बरं. बंद केसमधली वाफ तांदूळ कुठून ओढणार? संध्याकाळीच स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडून भिंगातून चावीची दांडी पाहिली. "आज आलात म्हणून. आठवड्याने आला असतात तर इथे गंज दाखवला असता." मशीन कोरडं करून चालवून बघायला घड्याळ दोन दिवस ठेवून घेतलं.

घ्यायला गेले तेव्हा दुकानात गर्दी नव्हती, म्हणून काकांनी सगळं समजावलं. पाणी अडवतं ते स्टील नाही, सांध्यांतल्या रिंगा. वरच्या काचेभोवती एक, मागच्या झाकणाखाली एक, आणि चावीच्या पोटात एक बारीक रिंग, जी केसमधून आलेल्या नळीला घट्ट कवटाळते. मशीन दिसावं म्हणून या मॉडेलच्या पाठीलाही काच दिली आहे, म्हणजे आणखी एक सांधा. काचेभोवतीचं फिरणारं कडं, म्हणजे बेझल, मात्र सगळ्याच्या बाहेर बसतं; तिथून पाणी शिरतं हा माझा समज चुकीचा निघाला. चावी ओढलेली असली की तिच्या पोटातल्या रिंगेची नळीवरची पकड सुटते.

झाकणाची नवी रिंग त्यांनी एका चपट्या डबीत ठेवली. डबीत सिलिकॉन ग्रीस प्यायलेले दोन स्पंज. झाकण दाबून किंचित फिरवलं, रिंग चकचकीत होऊन बाहेर आली. मग चाचणी. पारदर्शक नळकांड्यात निम्मं पाणी, वर हवेत घड्याळ टांगलेलं. पंपाने हवा भरून काही मिनिटं थांबले. कुठे फट असेल तर हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा, आत गेलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. माझ्या घड्याळातून काहीच आलं नाही. मी हट्टाने म्हटलं, चावी ओढून दाखवा. कुरकुरत त्यांनी दाखवलं: चारच्या आकड्यापाशी बुडबुड्यांची माळ. दाब पूर्ण उतरायच्या आत त्यांनी घड्याळ वर खेचलं, नाहीतर हवेच्या जागी पाणी गेलं असतं. त्यांचं यंत्र ६ बारपर्यंतच (बार हे दाबाचं माप). "शंभर मीटर म्हणजे १० बार. त्याची हमी मी देणार नाही," हेही त्यांनी साफ सांगितलं. ७०० रुपये झाले.

पोहताना हात आपटला की दाब कित्येक पट वाढतो, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून पाहिला: सेकंदाला ५ मीटर वेगाने हात मारला तरी भर पडते ती जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतकी. आंघोळ त्याहून वाईट. गीझरच्या पाण्याने घड्याळ तापतं, मग गार पाणी पडलं की आतली हवा आकसून बाहेरचं ओढायला बघते, आणि साबण रिंगांना सोसत नाही. म्हणून तरणतलावात घालते, न्हाणीघरात नाही. अलिबागला समुद्रात नेलं तेव्हा खोलीवर येऊन नळाखाली धुतलं.

खोल डुबकी मारायची असेल तर हे घेऊ नका. आयएसओ ६४२५ या डुबकीच्या घड्याळांच्या मानकाचं डायव्हर घ्या. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासलेलं असतं. यातल्या बहुतेकांची चावी स्क्रूसारखी आवळता येते, पण ती आवळायचीही आठवण राहायला हवी.

सोमवारी बंद पडलेलं लावणं सोडलं, तर माझ्यासारखीला वर्षातून पाचदा तारखेसाठी चावी ओढावी लागते. कालनिर्णयवर १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबरला लाल गोल केलेत. मेच्या अखेरीस काकांच्या नळकांड्यात पुन्हा एकदा बुडवून आणणार आहे.