‘ऑफिशियल फोटोग्राफर’ म्हणून माझं नाव वापरलं आणि ओळखीच्या मुलींना लुटलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पोर्ट्रेटचं काम करणाऱ्या फोटोग्राफरांसाठी आणि मुलीचा पोर्टफोलिओ काढायला निघालेल्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. मला फसवणाऱ्या माणसाला माझ्या पैशांपेक्षा माझ्या नावाची गरज जास्त होती. त्या नावावर त्यानं आमच्याच गल्ल्यांमधून पैसे आणि फोटो दोन्ही गोळा केले.

शहापूर भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. सुरुवात लग्नांपासून झाली. नवरीचा मेकअप संपतो आणि तिला मांडवात न्यायला मामा येतो, त्या मधल्या वेळात खिडकीजवळ उभं करून तिचे चार फोटो काढायची मला सवय होती. पुढे तेच फोटो बघून लोक येऊ लागले. मेकअप आर्टिस्ट मुलींनी त्यांच्या कामाचे फोटो माझ्याकडून काढून घेतले, मग बुटीकवाल्या आल्या, नंतर वडगावातल्या एका साडी दुकानानं नव्या साड्यांचं काम दिलं. लग्नाच्या पैशांतून पंच्याऐंशी एमएमची लेन्स घेतली, जुनी ब्युटी डिश (चेहऱ्यावर मऊ प्रकाश टाकायला लाइटला लावायची थाळी) घेतली आणि ग्लॅमर पोर्ट्रेट हेच आपलं काम असं ठरवलं. मुंबई-पुण्याबाहेर या कामावर घर चालवणं अवघड आहे. आपल्याकडे लोक अल्बमला लाख रुपये मोजतात, पण एका चेहऱ्यासाठी प्रकाश लावण्यात गेलेल्या दोन तासांचे पैसे मागितले की गप्प होतात. म्हणून बाहेरच्या मोठ्या कामाची वाट इथला प्रत्येक होतकरू फोटोग्राफर बघत असतो. फसवणारे हे पक्कं ओळखून येतात.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. आमच्याकडे मुलगी फोटो काढायला येते तेव्हा आई, मावशी नाहीतर वहिनी सोबत असते. पडद्यामागे कपडे बदलायची सोय आहे का, आत कोण कोण असतं, फोटो कुणाकुणाला दिसणार, हे सगळं विचारून घेतात आणि ते बरोबरच आहे. फोटोग्राफर बाई आहे म्हटल्यावर त्या निर्धास्त होतात. माझ्या धंद्यात कॅमेऱ्यापेक्षा मोलाचं काही असेल तर हा विश्वास, आणि त्या माणसाला नेमका तोच हवा होता.

तो आधी फोनवर बोलला, मग स्टुडिओत आला. मुंबईची मॉडेलिंग आणि कास्टिंग एजन्सी आहे, साडी आणि दागिन्यांच्या ब्रँडना आता छोट्या शहरांतले ताजे चेहरे हवेत, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यासाठी एक ‘ऑफिशियल फोटोग्राफर’ नेमायचा आहे, असं त्याचं बोलणं. भिंतीवरचा एक प्रिंट बघून म्हणाला, “मॅडम, बटरफ्लाय लाइट सुंदर बसलाय, खालून रिफ्लेक्टर दिलाय ना?” दिलाच होता. लाइट समोरून आणि उंचावरून, नाकाखाली लहानशी सावली, हनुवटीखाली पांढरा रिफ्लेक्टर. हे ओळखणारा माणूस धंद्यातलाच असणार असं कुणालाही वाटेल. प्रसिद्ध फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांच्या पोर्ट्रेटबद्दल तो अर्धा तास बोलला. ते आधी जाहिरात क्षेत्रात होते, साध्या पार्श्वभूमीवर मऊ प्रकाशात चेहरा कसा खुलवायचे, सगळं नीट सांगितलं. धंद्याची माहिती असणं हा माणूस खरा असल्याचा पुरावा नव्हे, हे तरुण फोटोग्राफरांनी पक्कं लक्षात ठेवावं. आता अशी माहिती कुणालाही व्हिडिओ बघून मिळते.

जाताना त्यानं दहा हजार रुपये अ‍ॅडव्हान्स दिला. या सगळ्या प्रकारातली सर्वांत हुशार चाल हीच होती. फसवणारा पैसे मागतो असं आपण धरून चालतो, हा तर देऊन गेला. त्या दहा हजारांनी माझ्या मनातली शंका मिटली आणि पुढे कायद्यातही त्याच रकमेनं मला अडचणीत आणलं. ते खाली सांगते.

नंतर लेटरहेडवर पत्र आलं. त्यात कंपनीचं नाव, प्रायव्हेट लिमिटेड, जीएसटी नंबर, शिक्का सगळं होतं. मी पस्तीस हजार रुपये परत मिळणारं डिपॉझिट भरायचं. मुलींनी अडीच हजार नोंदणी आणि आठ हजार पोर्टफोलिओ फी एजन्सीला द्यायची. त्यातला माझा वाटा ‘ब्रँडची मंजुरी’ आल्यावर मिळणार. पैसे भरायचा क्यूआर कोड त्यानं छापून आणला आणि माझ्या काउंटरवर लावला. स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचं नाव दिसायचं. विचारलं तर “अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याला यूपीआय जोडायचं काम चालू आहे” असं उत्तर मिळालं. ऐकायला अगदी साधं वाटतं.

काही रविवार स्टुडिओ भरून वाहिला. अनगोळ, येळ्ळूर, कडोली, खानापूरकडच्या मुली आल्या. कॉलेजात नाटकात काम करणाऱ्या, नर्सिंग शिकणाऱ्या, शिवणकाम करून स्वतः पैसे साठवलेल्या. एकीची आई म्हणाली, “तुम्ही हाईसा म्हणून आणलंय बघा पोरीला, न्हाईतर हिच्या बाबांनी पाठवलं नसतं.” ते वाक्य आजही डोक्यातून जात नाही. मी मन लावून काम केलं. एकेका मुलीसाठी लाइट वेगळा लावला, एडिटिंगमध्ये कातडीचा पोत राखला, कुणाचा रंग उजळवला नाही. त्यातले काही फोटो माझ्या आजवरच्या कामातले सगळ्यात चांगले आहेत.

शेवटी तो हार्ड डिस्क घेऊन आला. “ब्रँडला वॉटरमार्क चालत नाही, रॉ फाइल्सही लागतात, त्यांची टीम कलर करते.” सगळं, कॅमेऱ्यातून निघालेल्या एडिट न केलेल्या रॉ फाइल्ससकट, कॉपी करून नेलं. त्यानंतर माझ्याकडे ‘ब्रँड विम्याचे’ पैसे मागितले, ते मी दिले नाहीत. पण त्याच काळात मुलींना वेगळे फोन जात होते, हे मला माहीत नव्हतं. “तुमचं सिलेक्शन झालंय, ग्रूमिंगसाठी अठरा हजार भरा, तुमच्या फोटोग्राफर मॅडमनीच तुमचं नाव सुचवलंय.” दोघींनी भरले. एकीनं कानातले गहाण ठेवून भरले. मग फोन बंद झाला आणि माझ्या दारात आया उभ्या राहिल्या. “फोटो तुम्हीच काढल्यात की, मग पैसे कुणाला विचारायचं आम्ही?” त्यांचं काय चुकलं? त्यांनी पाहिलेला एकमेव चेहरा माझा होता.

त्याहून वाईट नंतर झालं. एका मुलीच्या मैत्रिणीला सोशल मीडियावर त्या मुलीचा फोटो दुसऱ्याच नावाच्या प्रोफाइलवर दिसला. माझ्याच स्टुडिओतला, माझ्याच मरून पडद्यासमोरचा. त्या प्रोफाइलवरून अनोळखी पुरुषांशी गप्पा मारून पैसे मागितले जात होते. मुलीच्या घरात स्थळं बघणं चालू होतं. तिच्या घरी काय वातावरण झालं असेल हे सीमाभागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आता तपासाच्या गोष्टी, कारण इथे बरंच काही हातात असतं.

जीएसटी नंबर वाचायला शिका. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन नंबर. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, भागीदारी फर्म असेल तर एफ, एकटी व्यक्ती असेल तर पी. मुंबईची प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्या या एजन्सीच्या नंबरात सुरुवातीला 27 नव्हतं आणि सहावं अक्षर पी होतं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकटात कळतं. तो नंबर दुसऱ्याच राज्यातल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा निघाला. त्या बिचाऱ्याला याची कल्पनाही नसेल. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी खरी आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोधता येतं. खऱ्या एजन्सीची कमाई मॉडेलला मिळालेल्या कामातल्या कमिशनवर असते. मुलीकडून आधीच नोंदणी आणि ग्रूमिंगचे पैसे गोळा करणारा माणूस त्या नोंदणीवरच जगत असतो.

फोटोच्या मालकीबद्दल वकिलांनी सांगितलेलं ऐकून मी सुन्न झाले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच फोटोचा कर्ता. पण कलम 17 प्रमाणे कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. त्याचे दहा हजार रुपये इथे कामाला आले. मी फोटो परत मागितले तेव्हा त्याचा शेवटचा मेसेज होता, “फोटो आमच्या ऑर्डरवर काढलेत, आमचे आहेत.” वकिलांच्या मते हा दावा टिकणं कठीण आहे, कारण खरे पैसे मुलींनी भरलेत आणि व्यवहारच फसवणुकीचा आहे. पण मुळात त्याला हा दावा करायला जागाच राहायला नको होती. अ‍ॅडव्हान्स हातात घ्यायच्या आधी एका कागदावर लिहून सही घ्या: कॉपीराइट फोटोग्राफरकडे, वापर कुठे, किती काळ, कशासाठी. फोटोतल्या व्यक्तीची परवानगी हा वेगळाच कागद असतो, त्याला रिलीज म्हणतात. तो मुलीला कळेल अशा भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये असावा. या माणसानं मुलींकडून सही घेतलेला फॉर्म बारीक इंग्रजीत होता आणि त्यात ‘कोणत्याही माध्यमात, कोणत्याही कारणासाठी’ असं लिहिलं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलीची सही करार म्हणून चालत नाही, पालकांचीच लागते, आणि पालक हजर नसतील तर मी आता कॅमेरा काढत नाही.

रॉ फाइल्सच्या मूळ प्रती माझ्याकडे राहिल्या, याचा मोठा आधार झाला. फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती सगळं असतं, त्यामुळे फोटो मीच काढलेत हे दाखवता आलं आणि खोट्या प्रोफाइलविरुद्ध तक्रार करताना तेच उपयोगी पडलं. रॉ फाइल कुणालाही देऊ नका. ब्रँड कितीही मोठा असो, एडिट केलेली फाइल द्या, तीही पैसे आल्यावर.

पैसे गेले की त्याच तासाला 1930 वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जायची शक्यता जास्त. ग्रूमिंगचे पैसे भरलेल्या दोघींपैकी एकीनं त्याच संध्याकाळी फोन केला होता, तिची रक्कम गोठवली गेली. दुसरी घरच्यांच्या भीतीनं कितीतरी दिवस बोललीच नाही, तिचे पैसे तोवर खात्यांमागून खात्यांत फिरून गेले होते. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), चॅट, क्यूआर कोडचा फोटो, लेटरहेड, काही डिलीट करू नका.

आरोपीचा फोन कोल्हापूरकडचा, खातं तिसऱ्याच राज्यातलं, मुली बेळगावच्या. असं असलं की “तिकडं जावा” असं ऐकावं लागतं, आम्हालाही एका ठिकाणी ऐकावं लागलं. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी त्याची माहिती नोंदवून घेता येते. हे कलम कागदावर लिहून न्या. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं 318 आहे, जुनं 420 नाही. कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं असतं. आम्ही सगळ्या मिळून तिथं गेलो. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला, माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेनं तो लिहून दिला. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी प्रत्येक मुलीचं म्हणणं वेगळं ऐकून घेतलं. खोटं प्रोफाइल उतरलं. माणूस अजून सापडलेला नाही, आणि गोठवलेली रक्कम परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागला आहे.

क्यूआर माझ्या काउंटरवर लागला होता, म्हणून नोंदणीचे अडीच हजार मी त्या मुलींना थोडे थोडे करून परत देते आहे. कायद्यानं देणं लागते की नाही हे मी वकिलांना विचारलेलं नाही.

आता निपाणीतल्या एका फोटोग्राफर मित्राला असाच फोन आलाय. एजन्सीचं नाव वेगळं, बोलणं तेच: आधी अ‍ॅडव्हान्स देतो, मग डिपॉझिट, काउंटरवर क्यूआर, शेवटी हार्ड डिस्क. गडहिंग्लज, संकेश्वर, चिकोडीकडे कुणाला असा फोन आला तर समोरच्याला संशय येऊ न देता नंबर जपून ठेवा, लेटरहेडचा फोटो घ्या आणि लगेच पोलिसांत द्या. आमच्या तक्रारीचा उल्लेख करा म्हणजे दोन्ही प्रकरणं जोडता येतील.