बंदूक की बैठक?

आमच्या गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या पोरांमध्ये हा वाद अजून रंगतो: हुकूमशहापुढं हत्यार उचलावं की निःशस्त्र उभं राहावं? गांधी-भगतसिंगांची उजळणी करत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे.

हत्याराची बाजू कमजोर नाही. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा डॉक्टर, मास्तर, रेल्वे कामगार संपावर गेले, रात्री घराघरांतून भांडी वाजली. उत्तर गोळ्यांनी आलं. त्यानंतर जंगलाची वाट धरणाऱ्या पोरांना 'चुकलात' म्हणायची माझी तरी छाती नाही. फिलिपिन्सला मात्र १९८६ साली बंड केलेल्या सैनिकांभोवती लाखो माणसं रस्त्यावर उतरली, रणगाडे अडले आणि हुकूमशहा मार्कोसला देश सोडावा लागला.

आपल्या चंद्रपूरकडच्या चिमूरचंच घ्या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारानंतर लोक खवळले, अधिकारी मारले गेले. मग फौज आली, अन् भोगलं ते घरातल्या बायकांनी. त्यांच्यावरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून गांधींचे अनुयायी प्रा. भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले.

पण माझं मन वळलं ते इतिहासानं नाही. मला खुपलं ते गुपित. लहानपणी गावात दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची हत्यारबंद तुकडी, रात्री यायचं. कुणी काय करायचं ते सांगायचं, निघून जायचं. बोलणं पटलं नाही तरी विचारायचं कुणाला? विचारलं की 'खबऱ्या'. तो शिक्का बसला की माणसाचा जीवही जायचा. सकाळी पोलीस यायचे, तेही संशय घेऊनच. म्हातारी माणसं, बाया, आमच्यासारखी पोरं, कुणालाच या लढ्यात तोंड नव्हतं. लढा आमच्या नावानं चाललेला, आणि आम्हीच गप्प.

ग्रामसभेत मी बसायला लागलो ते याच्यामुळं. तिथं त्रास वेगळा: एकजण अडला की बैठक पुढच्या आठवड्यावर जाते. जवळच्या मेंढा-लेखा गावानं निर्णय सर्वसहमतीनंच घ्यायचे ठरवलं, आणि २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला. वेळ फार गेला, हे खरंच.

आपल्याकडं हुकूमशाही नाही, म्हणून माझा अनुभव म्यानमारला जसाच्या तसा लागू पडेल असा दावा नाही. तरी ज्याला अजून ठरवायचं आहे, त्यानं दोन्हीकडं एवढं बघावं: तिथल्या म्हातारीला 'मला हे पटत नाही' असं उघड म्हणता येतं का. मी बैठकीकडं गेलो, आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तरी तिकडंच जाईन.