वेलिगामाचे भाड्याचे लाँगबोर्ड: कुठला उचलावा, कुठला जागच्या जागी परत द्यावा

श्रीलंकेत कोलंबोहून गालेमार्गे मातरला जाणारा रस्ता वेलिगामात समुद्राला इतका खेटून जातो की बसच्या खिडकीतूनच भाड्याचे सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायच्या फळ्या, मोजता येतात. माडांखाली लाकडी चौकटी, त्यांत उभे केलेले निळे-पिवळे बोर्ड, शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला मालक. लाटेला इथे पाचपैकी साडेचार गुण सहज देता येतात, शिकवणीला तीन. बोर्डांना मात्र सरसकट गुण देता येत नाहीत. एकाच चौकटीत नवाकोरा बोर्ड आणि पाणी प्यालेला बोर्ड शेजारी शेजारी उभे असतात, आणि भाडं दोघांचं सारखंच. त्यातला कुठला हातात पडतो यावर तुमचा आठवडा ठरतो.

‘लाँगबोर्ड’, म्हणजे लांब सर्फबोर्ड, म्हणून पहिल्यांदा हातात येतो तो बहुतेक वेळा ८ फुटी सॉफ्टटॉप. वरून मऊ फोम, खाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा, पोटात थर्माकोलच्या जातीचा फोम आणि त्यात लाकडाच्या एक-दोन पट्ट्या. रुंदी साधारण २२ इंच, जाडी ३ इंचांच्या पुढे, तरंगशक्ती ८० लिटरच्या आसपास. साठेक किलो वजनाच्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस हा पुरतो. पंच्याहत्तरच्या पुढे असाल तर ९ फुटीच मागा. मालक ‘चालेल, चालेल’ म्हणून ८ फुटीच पुढे करेल, कारण ९ फुटी मोजकेच असतात आणि ते शिकवणीच्या गटांसाठी राखून ठेवलेले असतात. तिथे थोडा हट्ट धरा. बोर्ड छोटा पडला की छाती पाण्यात बुडते, वल्हवून वेग येत नाही आणि लाट नुसती खालून निघून जाते. नवखा मग आपल्याच हातांना दोष देत बसतो.

पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढून बोर्ड नीट बघा. आधी उचला. शेजारच्या त्याच मापाच्या बोर्डापेक्षा जड लागला तर तो पाणी प्यालेला आहे. मागच्या बाजूने उभा धरून हलवा; फिनच्या (बोर्डाखाली मागे लावलेल्या माशाच्या परासारख्या पात्याच्या) स्क्रूपाशी थेंब ओघळले की खात्रीच झाली. असा बोर्ड वळायला आळशी असतो, आणि अंगावर आला तर जास्त लागतो. मग दोन्ही टोकं वाळूच्या उंचवट्यांवर टेकवून मध्यभागी तळहाताने दाबा. चांगला बोर्ड किंचित लवून परत येतो. मध्येच एका जागी खचल्यासारखा दबला तर आतली लाकडी पट्टी तुटली आहे. वरचा फोम मात्र दिसायला एकदम ठणठणीत. असा बोर्ड उभं राहताक्षणी केळ्यासारखा वाकतो आणि वेग मरतो. शेवटी उलटा करून नाकाजवळचा पत्रा नखाने तपासा. तिथे तो सुटायला लागला असेल तर पाणी आत शिरून बोर्डाला ब्रेक लावल्यासारखं होतं.

फिन हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. सॉफ्टटॉपच्या तीन फिन वरून आरपार स्क्रूने आवळलेल्या असतात. एखादा स्क्रू नसला की लाटेत फिन थरथरते आणि बोर्ड गुणगुणल्यासारखा आवाज करतो. मालकाकडे पेचकस असतोच, तिथल्या तिथे आवळून घ्या.

बोर्ड घोट्याला बांधून ठेवणाऱ्या दोरीकडे, म्हणजे लीशकडे, कुणी बघत नाही, आणि नेमकी तीच तुटते. लांबी बोर्डाएवढी हवी: ९ फुटी बोर्डाला ९ फुटी लीश. घोट्याचा पट्टा उघडून वेल्क्रोतली वाळू झटका. वाळू भरलेलं वेल्क्रो कोरड्यात घट्ट वाटतं, पण ओढ बसली की करकरत सुटतं. बोर्डाकडच्या टोकाला एक छोटी दोरी असते, तिच्यावर लीश अडकवलेली असते. ही दोरी बोर्डाच्या कडेबाहेर येण्याइतकी लांब असेल तर ओढ बसताना ती कडेला करवतीसारखी कापते. सॉफ्टटॉपला फार फरक पडत नाही, कडक बोर्डाला पडतो, आणि परत देताना ती कापलेली कड तुमच्या नावावर लागते. म्हणून बोर्ड घेतानाच मालकासमोर चारही बाजूंनी फोटो काढा. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

भाडं ठरवताना तासाच्या दराआधी दिवसाचा दर विचारा. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी तासभर जायचं असेल तर दिवसाचाच परवडतो, आठवड्याचा त्याहून. वयाने लहान मुलाला ‘मल्ली’ म्हणजे धाकटा भाऊ, मोठ्याला ‘अय्या’. एवढी सिंहली आली तरी घासाघीस बरीच गोडीत होते. आठवड्याच्या करारात ‘बोर्ड बदलून मिळेल’ ही अट तोंडी का होईना, घालून घ्या. तिसऱ्या दिवशी ती लागतेच.

आता शिकवणी. नेहमीचा साचा असा: वाळूवर पंधरा-वीस मिनिटं, मग पाण्यात तासभर. शिक्षक कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोर्डाला मागून ढकलतो, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसावर तुम्ही उभे राहता, किनाऱ्यावरून कुणीतरी फोटो काढतं. पहिल्याच दिवशी माणूस उभा राहतो, यात शिक्षकांचं कौशल्य आहेच. पण ढकलण्याची सवय लागली की चौथ्या दिवशी एकट्याला एकही लाट पकडता येत नाही. वल्हवायचं केव्हा, किती जोरात, बोर्डावर छाती नेमकी कुठे हवी, हे सगळं शिक्षकाच्या हाताने झालेलं असतं. म्हणून दुसऱ्या तासिकेपासून आधीच सांगून ठेवा: शेवटची वीस मिनिटं ढकलायचं नाही, फक्त ‘आता’ म्हणायचं. चांगला शिक्षक हे ऐकून खूश होतो. जो कुरकुर करतो तो बदला. आणि एका शिक्षकामागे दोनच शिष्य हे आधी पक्कं करा. चौघे असतील तर तासातला पाऊण तास तुम्ही नुसते पाण्यात उभे असता.

वाळूवर दाखवतात त्यातली एक गोष्ट खटकते. बरेच जण आधी गुडघ्यांवर, मग पायांवर असं दोन टप्प्यांत उभं राहायला शिकवतात. पहिल्या दिवशी ते सोपं जातं, पण ही गुडघ्याची सवय नंतर महिनोन् महिने सुटत नाही. सुरुवातीपासूनच तळहात बरगड्यांच्या शेजारी बोर्डावर सपाट ठेवा (कडा मुठीत पकडू नका, पकडल्या की बोर्ड कलंडतो), छाती वर उचला आणि पाय एका झटक्यात आत घ्या. नजर पायांकडे नको, किनाऱ्यावरच्या एखाद्या माडाकडे. झोपून वल्हवताना बोर्डाचं नाक पाण्याच्या वर दोनेक बोटं दिसायला हवं. ते पाण्याखाली गेलं की लाट मागून उचलते आणि बोर्ड नाकावर खुपसतो. हातभर वर दिसत असेल तर तुम्ही फार मागे आहात, लाट पुढे निघून जाणार. पाण्यातला निम्मा त्रास या दोन बोटांच्या हिशेबाचा आहे.

लाटेबद्दल तक्रारीला जागा कमी. उपसागर दक्षिणेला उघडा असला तरी दोन्ही बाजूंच्या टोकांमुळे मोठी लाट आत येता येता मवाळ होते, आणि तळाला वाळू आहे. वेलि म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव. नोव्हेंबर ते एप्रिल हा या किनाऱ्याचा मुख्य हंगाम. ईशान्य मोसमी वारे तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, त्यात पहाटेच्या मतलई वाऱ्याची भर पडते आणि लाटेचा चेहरा इस्त्री केल्यासारखा राहतो. दहा-अकराला खारे वारे सुरू झाले की पाणी खवळल्यासारखं दिसायला लागतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस. शेजारचे उघडे किनारे तेव्हा बिघडतात, वेलिगामात मात्र फेसावर सराव चालतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक घेऊन बसायची गरज नाही. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, इथे तो मीटरभरही नसतो.

लाटांचा अंदाज बघताना दोन आकडे बघा: उंची आणि लाटांमधला वेळ. पाऊण ते एक मीटर आणि ११-१२ सेकंद म्हणजे शिकणाऱ्याची चैन. दीड मीटर आणि १५ सेकंदांच्या पुढे गेलं की वेलिगामाचा दोष उघडा पडतो: लाट एका टोकाकडून सोलत न जाता सगळ्या लांबीत धाडकन एकदम कोसळते. अशा दिवशी बाहेर जाऊन उपयोग नाही, आतल्या फेसातच राहा.

आणि गर्दी. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी आठ ते अकरा इतके बोर्ड पाण्यात असतात की समुद्रापेक्षा त्यांचीच भीती जास्त. साधं गणित करा: ९ फुटी बोर्ड आणि ९ फुटी लीश म्हणजे तुमच्याभोवती १८ फुटांचा फिरता पट्टा. मोठा फेस आला म्हणून बोर्ड सोडून बुडी मारलीत तर मागचा माणूस त्या १८ फुटांत असतोच. लाँगबोर्ड पाण्याखाली दाबून नेता येत नाही, म्हणून कासवासारखं उलटं व्हायला शिका: फेस दोन हातांवर आला की खांद्यांजवळ कडा पकडा, एका बाजूला कलंडून बोर्डाखाली जा, नाक किंचित खाली ओढून धरा, फेस वरून गेला की परत पालथे व्हा. चालत आत जाताना बोर्ड नेहमी शेजारी. लाट आणि तुमचं पोट यांच्या मधे कधीही नको. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्यावर. साडेसहाला पाण्यात उतरलात तर यातलं निम्मं संकट टळतं.

आठवड्याभराने, कोसळण्याआधीच्या हिरव्या लाटेवर तिरकं उभं राहता आलं की वेलिगामा पुरे झालं असं समजा. काही किलोमीटर पश्चिमेला मिडिगामा आहे. तिथे डोक्यावर बोर्डाचा कठडा लावलेली टुकटुक सोडते. तिथली ‘लेझी लेफ्ट’ ही खडकावर फुटणारी, नावाप्रमाणे निवांत डावी लाट (तिच्यावर उभ्या माणसाच्या डाव्या हाताला फुटत जाणारी), आणि लाँगबोर्डचं खरं सुख तिच्यावर आहे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांची लाटेकडे पाठ होते, त्यामुळे पहिले दोन दिवस अवघड जातात. उजवा पाय पुढेवाल्यांना मेजवानी. खडकावर समुद्री साळूंचे काटे असतात, म्हणून पडताना सपाट पडा आणि पाय खाली टेकवू नका. वेलिगामात दुर्लक्ष केलेली ओहोटी इथे मात्र बघावी लागते: दोन वितींनी पाणी उतरलं तरी खडक तेवढा वर येतो.

इथे सॉफ्टटॉप घेऊन जाण्यात मजा नाही. ९ फूट २ ते ९ फूट ६ इंचांचा कडक बोर्ड मागा, २२-२३ इंच रुंद, ३ इंचांच्या आतबाहेर जाड, मागे एकच मोठी फिन. फिनचा ढोबळ हिशेब फुटामागे इंच, म्हणजे ९ ते १० इंच. भाड्याच्या बोर्डांत हमखास होणारी गडबड ही की मोठी फिन हरवलेली असते आणि तिच्या जागी ६-७ इंची प्लॅस्टिकची लावलेली असते. लाटेवर असताना बोर्डावरून नाकापर्यंत चालत गेलेला माणूस पाण्यात पडत नाही त्याचं कारण मागे असतं: लाटेचं पाणी शेपटावरून वाहत त्याला दाबून धरतं आणि मोठी फिन त्याला जागेवरून घसरू देत नाही. फिन छोटी असेल तर तिसऱ्या पावलाला शेपूट सुटतं आणि बोर्ड आडवा होतो. पावलं एकावर एक ओलांडत टाकायची असतात, म्हणून लीश घोट्याऐवजी गुडघ्याखाली बांधायची मिळाली तर उत्तम. फिन खाचेत पुढे सरकवली की बोर्ड सैल वळतो, मागे नेली की रेषा धरतो. चालायला शिकताना मागेच ठेवा.

कडक बोर्डाला मेण लागतं, आणि ते उष्ण कटिबंधाचंच घ्या. थंड पाण्याचं मेण इथल्या २७-२८ अंशांच्या पाण्यात लोण्यासारखं पसरतं. आधी कडक मेणाचा थर, त्यावर वरचं मेण, हलक्या हाताने गोल गोल, दाणे उठेपर्यंत. मेण लावलेली बाजू उन्हाकडे ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत दाण्यांचं पाणी झालेलं असतं. बोर्डाला चीर दिसली की लगेच बाहेर या. चिरेतून पाणी शिरलं की आतला फोम पिवळा पडतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो.

वेलिगामा विषुववृत्तापासून सहाच अंश उत्तरेला आहे, ऊन डोक्यावर असतं. पूर्ण बाह्यांचा लायक्रा घाला, नाही तर दुसऱ्या दिवशी पोट आणि गुडघ्याच्या आतली बाजू सोलून निघते. तोंडाला झिंकची जाड मलई.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, विमानतळावरून दक्षिण द्रुतगती मार्गाने तीनेक तास. किनाऱ्याची रेल्वे सुंदर आहे, पण ९ फुटी बोर्ड घेऊन त्या गर्दीत चढायचा विचारही नको; म्हणूनच स्वतःचा आणू नका, भाड्याचाच घ्या. खाण्याची चिंता नाही, कोत्तू (रोटीचे तुकडे करून परतलेला पदार्थ) आणि थंबिली शहाळं पावलोपावली. फक्त सकाळच्या पहिल्या फेरीआधी पोटभर खाऊ नका: लाँगबोर्डवर सगळा वेळ पोटावरच झोपलेले असता.