लांब बोल्टचे सात हजार घेतले, लावले जुनेच

खंबाटकी उतरल्यावर सुरूर फाट्याच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे गाडी थांबवली होती. धंदा सगळा ट्रकवाल्यांचा. त्याने डाव्या पुढच्या चाकाचा एक बोल्ट पाना न लावता दोन बोटांनी फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. बाकीचे तीन पान्याने काढले, पण फारसा जोर लागला नाही.

"साहेब, बोल्ट आखूड आहेत. चारच आटे धरत होते. कुणी बसवलं हे?"

कुणी बसवलं ते सांगायला मला लाज वाटली. कारण बसवताना मी तिथेच उभा होतो, दुकानदाराने मागवलेला चहा पीत.

गाडी ऑडी टीटी, २०१२ची, सेकंड हँड घेतलेली. तिची मूळ चाकं चांगली होती, पण मला दिसायला जरा भारदस्त हवी होती. (हौस माझीच, त्याबद्दल तक्रार नाही.) पुण्यातल्या एका मॅगव्हीलच्या, म्हणजे अलॉय चाकांच्या, दुकानात गेलो. मालकाने १८ इंची सेट दाखवला. "दादा, फोर्ज्ड माल आहे. साडेआठ किलोचं चाक, बाहेर दीड लाखाला जातं." (फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेलं, साच्यात ओतलेल्या चाकापेक्षा हलकं आणि मजबूत.) मला ९२ हजार सांगितले, त्यातून जुन्या सेटचे २० हजार वजा. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए अशी अक्षरं होती, ती त्याने मोबाईलच्या टॉर्चने दाखवली. जपानी खूण बघून मी गार. जेडब्ल्यूएल हा हलक्या मिश्रधातूच्या चाकांचा जपानी दर्जा आहे आणि तो ओतीव चाकालाही लागू होतो, हे मी नंतर वाचलं. म्हणजे त्या अक्षरांवरून फोर्ज्ड ठरतच नाही. शिवाय चाक किती भार पेलेल तो आकडा कुठेच नव्हता. तोही तेव्हा शोधला नाही.

चाक लावून बघितलं तर पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला, चाकाचा स्पोक टेकत होता. खरं तर तिथेच "मग नको" म्हणायला हवं होतं. पण मालक म्हणाला, "पंधरा एमएमचे स्पेसर टाकू, हबसेंट्रिक आहेत. चारही चाकांना टाकू, म्हणजे स्टान्स सारखा दिसेल." स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, हबसेंट्रिक म्हणजे चाक बरोबर मध्यावर धरणारी, आणि स्टान्स म्हणजे गाडीची उभी राहण्याची ढब. स्पेसर १२ हजार, आणि "त्याला लांब बोल्ट लागतात, वीस नग" म्हणून आणखी ७ हजार. पावती म्हणून 'एस्टिमेट' छापलेला कागद. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी उगाच कशाला भरता?"

लांब बोल्ट लागतात हे त्याला माहीत होतं, यात शंका नाही, कारण त्याने त्याचेच पैसे घेतले. लावताना मात्र पोऱ्याने ट्रेमधले माझेच जुने बोल्ट उचलले आणि एअर गनने घर्रकन आवळले. ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क रेंच दुकानात होता की नाही, देव जाणे.

या गाडीचा बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा, आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. हबमध्ये तो किमान साडेसात फेरे आत जायला हवा. हे हाताने फिरवूनही मोजता येतं, दोन मिनिटांचं काम. पंधराचा स्पेसर मध्ये घातला की बोल्टही पंधरानेच लांब हवा. शिवाय ऑडीच्या मूळ बोल्टची बैठक (डोक्याचा चाकाला टेकणारा भाग) गोल असते, आणि बाहेरच्या बहुतेक चाकांची भोकं ६० अंशांच्या शंकूची. गोल डोकं शंकूत नीट बसत नाही, नुसतं कडेला टेकतं. पंक्चरवाल्याने बोट लावून दाखवलं: बोल्टच्या भोकात एकाच बाजूला चकचकीत चंद्रकोर उमटली होती. चाक मध्यावर नव्हतंच.

मध्यावर राहणार तरी कसं? टीटीच्या हबचा उंचवटा ५७.१ मिलिमीटर व्यासाचा. या चाकाचं मधलं भोक ६६.६, जे मर्सिडीजला चालतं. हबसेंट्रिक स्पेसरला बाहेरच्या अंगाला चाक धरणारी कड असते. मला दिलेले स्पेसर म्हणजे सपाट चकत्या, आणि त्यांच्या जाडीत हबचा उंचवटा पार बुडालेला. सगळा भार बोल्टवर. शिरवळपासून नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरत होतं आणि मी बायकोला सांगत होतो की रस्ता खराब आहे.

स्पेसर काढावेत तर कॅलिपर अडतो. गाडी फ्लॅटबेडवर पुण्याला आली, बायको वाईला माहेरी निघाली होती ती भावाच्या गाडीतून गेली. दुसऱ्या दिवशी टायर उतरवून एक चाक शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. १२ किलो ८०० ग्रॅम. भंगारवाला म्हणाला, "ओतीव आहे, घ्यायचं का?"

दुकानात गेलो तर मालकाचा सूर बदललेला. "सर, तुम्ही फास्ट चालवली असेल." माझी जुनी चाकं? "ती त्याच संध्याकाळी गेली." खरं दुःख तिथे आहे. फिटिंग करून शे-दोनशे किलोमीटर चालवून बघितल्याशिवाय जुना सेट दुकानात सोडू नका, घरी आणा, गॅलरीत ठेवा, बायको ओरडली तरी चालेल.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. माझ्याकडे होतं काय, तर एस्टिमेट, यूपीआयच्या नोंदी, काट्यावरचा फोटो आणि ते आखूड बोल्ट. एस्टिमेटवर 'लांब बोल्ट २० नग' असं त्याच्याच अक्षरात होतं, म्हणून बोल्टचे सात हजार परत आले. 'फोर्ज्ड' हा शब्द मात्र तो फक्त बोलला होता, लिहिला कुठेच नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा तो अर्ज आता तयार करतोय.

मूळ चाकांसारखा जुना सेट महिनाभर शोधून मिळाला. दुकानातून घेतलेली ही चार नवी चाकं जिन्याखाली पडून आहेत. विकायला काढली की लोक पहिला प्रश्न विचारतात, फोर्ज्ड आहेत का? मी नाही म्हणतो आणि फोन बंद होतो.