ज्वारीची भाकर की गव्हाची पोळी?

चुलतभावाला शुगर निघाली. वहिनी विचारत होती, "भाऊजी, घरातून गहू बंदच करू काय?"

पोषणात लोक समजतात तेवढं अंतर नाही. 100 ग्रॅम पिठात दोन्हीकडे प्रथिनं आणि तंतू प्रत्येकी साधारण 10-11 ग्रॅमच, अर्थात कोंड्यासकट दळलेल्या गव्हात. मैदा मिसळलेलं पीठ यात मोजू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ज्याला गहू सोसत नाही त्याला तीच बरी. शुगरवाल्यानं मात्र भाकर म्हणून चार खाल्ल्या, तर उपयोग शून्य! एक भाकर, वाटीभर वरण आणि ताटात अंबाडीची किंवा मेथीची भाजी, हे मोजमाप जास्त कामाचं.

खर्चात गहू जिंकतो, कारण तो रेशनवर येतो. ज्वारी आता आमच्याकडं विकतच घ्यावी लागते. सोयाबीननं वावरं व्यापली, उरलेल्या कणसांवर पाखरं आणि रानडुकरं. पेरली तर कडबा मिळतो, हा हिशेब मात्र कुणी धरत नाही.

मेहनत? पिठात चिकटपणा नाही, म्हणून ज्वारीला गरम पाणी लागतं आणि हातानं थापणं आलं. पीठही लवकर कडू होतं, दळण थोडं थोडंच आणावं.

वावरात डबा न्यायचा असेल तर पोळी, ती मऊ राहते. रात्री चुलीसमोर बसून जवसाची चटणी, कच्चा कांदा घेऊन जेवायचं असेल तर गरम भाकर. वहिनीला सांगितलं, गहू बंद करू नको, रात्रीची एक पोळी कमी कर.